बॅकअपला हिरवी टिक आणि फाइल २३ ओळींची: फायरवॉल अपग्रेडनंतर ड्रायव्हर जुळला नाही त्याचं पूर्ण प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या नेटवर्कचं आहे. ओळख पटेल असं सगळं काढलंय, आकडे थोडे गोल केलेत, बाकी जसं घडलं तसंच लिहितोय. साधारण ४०० डिव्हाइस, त्यात ३० च्या आसपास राउटर, २८ फायरवॉल (कुठलं ट्रॅफिक जाऊ द्यायचं हे नियमांनी ठरवणारे) आणि उरलेले सगळे स्विच. तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांचा माल, काही अगदी नवीन तर काही दहा-बारा वर्षं त्याच रॅकमध्ये बसलेले. कॉन्फिग (डिव्हाइसची सगळी सेटिंग) मॅनेजमेंटचं टूल माझ्याकडे होतं, म्हणजे रोज रात्री सगळ्यांचा बॅकअप घेणं, काल आणि आजमध्ये काय बदललं ते दाखवणं, पासवर्ड बदलणं ही कामं त्या टूलमधून व्हायची.

अशा टूलमध्ये ड्रायव्हर म्हणजे प्रिंटरचा असतो तसला ड्रायव्हर नव्हे. टूलने एखाद्या डिव्हाइसशी कसं बोलायचं याची ती पूर्ण कृती असते: लॉगिन झाल्यावर प्रॉम्प्ट (पुढची कमांड टाइप करा ही खूण) कसा दिसतो, पानापानाने येणारं आउटपुट बंद कसं करायचं, कॉन्फिग मागायची कमांड कोणती, बदल सेव्ह कसा करायचा. आणि हे प्रत्येकाचं वेगळं. नुसतं पेजर, म्हणजे आउटपुट पानापानाने थांबवणारी सोय, बंद करायचं म्हटलं तरी सिस्कोच्या आयओएसवर (त्यांच्या राउटर-स्विचची ऑपरेटिंग सिस्टिम) 'टर्मिनल लेंग्थ ०', त्याच कंपनीच्या एएसए फायरवॉलवर 'टर्मिनल पेजर ०', ज्युनिपरवर 'सेट सीएलआय स्क्रीन-लेंग्थ ०', पालो आल्टोवर 'सेट सीएलआय पेजर ऑफ'. चुकीचा ड्रायव्हर लागला तर टूल समोरच्या डिव्हाइसला त्याला न कळणाऱ्या भाषेत विचारत बसतं.

कुठल्या डिव्हाइसला कुठला ड्रायव्हर हे टूल स्वतः ठरवायचं. एसएनएमपीवरून (डिव्हाइसला माहिती विचारायचा प्रोटोकॉल) सिस-ऑब्जेक्ट-आयडी हा ओळख नंबर वाचायचं, त्या नंबरात कंपनीचा नोंदणी क्रमांक असतो (सिस्कोचा ९, ज्युनिपरचा २६३६, फोर्टिनेटचा १२३५६) आणि पुढे मॉडेल, मग स्वतःच्या यादीत ते शोधून ड्रायव्हर चिकटवायचा. एकदा चिकटला की तो तसाच, फर्मवेअर (डिव्हाइसमधलं सॉफ्टवेअर) बदललं म्हणून परत तपासणी होत नव्हती. हे तेव्हा मला माहीत होतं, पण त्यातून काही बिघडेल असं कधी वाटलं नव्हतं.

काय घडलं

सुरक्षेच्या पॅचसाठी २२ फायरवॉल नवीन मेजर व्हर्जनवर न्यायचे होते. अपग्रेड दोन रात्रींत नीट पार पडला, ट्रॅफिक सुरू, व्हीपीएन वर, सगळे खूश. सकाळी टूलच्या डॅशबोर्डवर २२ च्या २२ बॅकअपला हिरवी टिक होती.

३६ दिवसांनी एका शाखेतला फायरवॉल बूटच होईना. तिथे जोडीचा दुसरा नव्हता, एकटाच होता. बदली हार्डवेअर हाताशी होतं, नाइट शिफ्टच्या इंजिनिअरने त्यावर तेच फर्मवेअर टाकलं आणि टूलमधून कालचा बॅकअप उतरवला. मग मला फोन आला, "सर, फाइल २३ ओळींची आहे, बाकीची कुठे ठेवलीय?"

बाकीची कुठेच नव्हती. फाइल उघडली तर सुरुवातीची हेडरची ओळ, थोडं ग्लोबल सेटिंग, आणि शेवटच्या ओळीवर '--मोअर--'. म्हणजे टूलने पहिलं पान वाचलं, पुढच्या पानासाठी डिव्हाइस थांबून राहिलं, आणि टूलने तेवढंच 'पूर्ण कॉन्फिग' म्हणून जपून ठेवलं. मागच्या दिवसाची फाइल तशीच, त्याच्या आदल्या दिवसाचीही तशीच, अपग्रेडच्या रात्रीपर्यंत सगळ्या तशाच.

शेवटी अपग्रेडच्या आधीचा पूर्ण बॅकअप घेतला आणि त्यावर मधल्या ३६ दिवसांतले बदल चेंज तिकिटं (बदलांच्या नोंदी) वाचून हाताने चढवले. शाखा जवळजवळ सहा तास बंद होती. दोन नियम तिकिटात नीट लिहिलेले नव्हते, ते दुसऱ्या दिवशी लोकांच्या तक्रारी आल्यावर कळले.

कारण शोधताना

त्याच रात्री उरलेल्या २१ च्या फाइली बघितल्या. १८ अर्ध्या, ३ पूर्ण. या तीनमुळेच उलगडा झाला, कारण मॉडेल तेच, फर्मवेअर तेच, ड्रायव्हर तोच. फरक एवढाच की त्या तिघांवर पूर्वी कुणीतरी पेजर कायमचं बंद करून सेव्ह केलेलं होतं.

मग सेशन लॉग चालू करून एका फायरवॉलचा बॅकअप घेतला आणि ओळ न ओळ वाचली. एक नव्हे तर तीन गोष्टी एकात एक अडकलेल्या निघाल्या. फायरवॉलवर टूलच्या अकाउंटला वाचण्यापुरतेच अधिकार होते. जुन्या व्हर्जनमध्ये त्या अधिकारांवर पेजर बंद करायची कमांड चालायची, नवीन व्हर्जनमध्ये ती नाकारली जात होती आणि ड्रायव्हर त्या नकाराकडे बघतच नव्हता. दुसरं, '--मोअर--' दिसलं की स्पेस दाबायचं कलम ड्रायव्हरमध्ये होतं, पण नवीन फर्मवेअर त्या शब्दाच्या आगेमागे कर्सर हलवणारी वेगळी कंट्रोल अक्षरं पाठवत होतं, त्यामुळे ड्रायव्हरचा पॅटर्न जुळायचाच नाही. आधी पेजर नेहमी बंद व्हायचं म्हणून हे कलम कित्येक वर्षं एकदाही वापरात आलेलं नव्हतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. टूलला आउटपुट संपलं हे कळायचे दोन मार्ग असतात: एक, प्रॉम्प्ट परत दिसेपर्यंत वाचत राहायचं आणि नाही दिसला तर एरर द्यायची, दोन, काही सेकंद समोरून काही आलं नाही की संपलं असं धरायचं. पायथनवाल्यांना नेटमिको (नेटवर्क डिव्हाइसशी बोलायची लायब्ररी) माहीत असेल, त्यात 'सेंड कमांड' आणि 'सेंड कमांड टायमिंग' हे अगदी याच दोन पद्धतींचे. आमचा ड्रायव्हर दुसऱ्या पद्धतीचा होता. फायरवॉल '--मोअर--' वर गप्प, टूलला वाटलं झालं, सेशन बंद, फाइल रिकामी नाही म्हणजे यशस्वी.

आता तुम्ही विचाराल की रोज बदल दाखवणारं टूल असताना ३६ दिवस कुणालाच कसं दिसलं नाही. दिसलं होतं! अपग्रेडच्या सकाळी २२ फायरवॉलवर 'मोठा बदल' अशी अलर्ट आली होती. पण मेजर व्हर्जन बदललं की कॉन्फिगमध्ये शेकडो ओळी इकडच्या तिकडे होतातच, म्हणून ती न उघडता मंजूर केली, आणि मंजूर करणारा मीच होतो. त्यानंतर रोज तेच पहिलं पान सेव्ह व्हायचं, पहिल्या पानावर कुणी काही बदलत नाही, त्यामुळे 'बदल नाही' असं छान शांत दिसत राहिलं. नियम तर रोज बदलत होते. रोज बदलणारा फायरवॉल पाच आठवडे 'बदल नाही' दाखवतो, हे डोळ्यात यायला हवं होतं.

समोरचे पर्याय

फर्मवेअर मागे न्यायचं का, हा पहिला विचार. लगेच सोडला, पॅचसाठीच तर अपग्रेड केला होता, आणि बॅकअप टूल चालावं म्हणून फायरवॉल असुरक्षित ठेवणं हे उलटंच झालं असतं.

टूलच्या अकाउंटला पूर्ण अधिकार द्यायचे म्हणजे पेजरची कमांड परत चालेल, हा सगळ्यात सोपा पर्याय, आणि टीममध्ये दोघांचं हेच म्हणणं होतं. यावर बराच वाद झाला. माझं म्हणणं असं होतं की एका सर्व्हरवरच्या एका अकाउंटने २८ फायरवॉलचे नियम बदलता यावेत आणि तेही फक्त आउटपुट न थांबता यावं म्हणून, हे परवडणारं नाही, तो सर्व्हर कुणाच्या हातात गेला तर मग उरलंच काय.

तिसरा पर्याय म्हणजे टूल बनवणाऱ्या कंपनीचं नवीन ड्रायव्हर पॅक. ते आलेलं होतं, आमचं फर्मवेअर त्याच्या सपोर्टच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं होतं. पण ते पॅक टूलच्या नवीन व्हर्जनवरच चढत होतं, आणि नवीन व्हर्जनमधली एसएसएच (डिव्हाइसवर सुरक्षित लॉगिन करायचा प्रोटोकॉल) लायब्ररी एन्क्रिप्शनचे जुने अल्गोरिदम बोलत नव्हती. टेस्ट सर्व्हरवर चढवून बघितलं तर ३१ जुने स्विच एका झटक्यात लाल: 'नो मॅचिंग की एक्स्चेंज मेथड फाउंड'. हे स्विच फक्त डिफी-हेलमन ग्रुप १ आणि शा-१ या जुन्या पद्धती एवढंच बोलायचे. ग्रुप १ म्हणजे १०२४ बिट, ओपनएसएसएच या सर्रास वापरातल्या एसएसएच सॉफ्टवेअरने २०१५ मध्ये ७.० व्हर्जनपासून ते मुळातच बंद ठेवलंय, आणि २०२१ मध्ये ८.८ पासून शा-१ वाल्या आरएसए सह्याही. त्यामुळे लायब्ररीची चूक म्हणता येणार नाही, स्विचच मागे राहिलेत. पण आमच्यासाठी अर्थ हाच की फायरवॉलचा ड्रायव्हर घेतला तर स्विच जातात, स्विच ठेवले तर फायरवॉल अर्धे. डिव्हाइस आणि ड्रायव्हर जुळले की झालं असं आपण धरून चालतो, खरं तर डिव्हाइसचं फर्मवेअर, ड्रायव्हर, टूलचं व्हर्जन, एसएसएच लायब्ररी आणि अकाउंटचे अधिकार ही पूर्ण साखळी जुळावी लागते.

चौथा, स्वतः नेटमिकोवर स्क्रिप्ट लिहायची. पाचवा, स्क्रीन वाचणंच सोडून एपीआय (प्रोग्रामने थेट माहिती मागायची सोय) किंवा नेटकॉन्फने कॉन्फिग घ्यायचं. नेटकॉन्फमध्ये (डिव्हाइसचं कॉन्फिग वाचायचा-बदलायचा प्रमाण प्रोटोकॉल, आरएफसी ६२४१) मेसेज कुठे संपला याची खूण प्रोटोकॉलमध्येच असते, अर्धं उत्तर आलं तर ते अर्धं आहे हे कळतंच, अंदाज करावा लागत नाही. तांत्रिकदृष्ट्या हाच बरोबर रस्ता. पण आमच्या अर्ध्याहून जास्त स्विचवर नेटकॉन्फ नव्हतं, आणि फायरवॉलच्या एपीआयसाठी टूलमध्ये नवीन जोडणी, सर्टिफिकेट, टोकन सगळंच आलं, म्हणजे महिन्यांचं काम.

काय ठरवलं आणि काय केलं

दोन टप्पे केले. त्या रात्रीचा प्रश्न वेगळा आणि कायमचा वेगळा, हे वेगळं काढल्यावर वाद बराच कमी झाला.

त्या रात्री १८ फायरवॉलवर माणसाच्या अ‍ॅडमिन लॉगिनने पेजर कायमचं बंद केलं, जसं त्या तीनवर होतं. तोटा एवढाच की कन्सोलवर हाताने काम करताना लांब आउटपुट सरकन निघून जातं, तो मान्य केला. लगेच बॅकअप परत घेतले आणि प्रत्येक फाइल शेवटपर्यंत डोळ्यांनी बघितली. पहाटेपर्यंत सगळे पूर्ण होते.

मग बॅकअप घेतल्यावर फाइल तपासणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. टूलच्या हिरव्या टिकवर विश्वास नाही, फाइलमध्ये काय आहे त्यावर. पहिली ओळ अपेक्षित हेडरची आहे का, शेवट बरोबर आहे का (आयओएसवर 'एंड' ही ओळ), '--मोअर--' किंवा एररचा मजकूर कुठे आत घुसलाय का, आणि कालच्यापेक्षा फाइल २० टक्क्यांहून जास्त लहान झाली का. फायरवॉलवर अजून एक: तिथे प्रत्येक 'कॉन्फिग' ब्लॉक 'एंड'ने बंद होतो, म्हणून दोन्हींची मोजणी सारखी यायला हवी. यात सुरुवातीला दोनदा खोटी अलर्ट आली, कारण लॉगिन बॅनरच्या मजकुरात तेच शब्द ओळीच्या सुरुवातीला होते, मग अवतरणचिन्हांतला मजकूर मोजणीतून वगळला.

तुलनेत एक वेगळी डोकेदुखी निघाली. या फायरवॉलवर गुप्त पासवर्डची एन्क्रिप्ट केलेली अक्षरं प्रत्येक वेळी कॉन्फिग मागितलं की वेगळी येतात, पासवर्ड तोच असला तरी. त्यामुळे रोज बदल दिसायचा आणि खरा बदल त्या गर्दीत हरवायचा. ती अक्षरं झाकून टाकली तर तुलना स्वच्छ होते, पण मग तीच फाइल रिस्टोअरला निरुपयोगी. म्हणून दोन प्रती ठेवल्या: मूळ फाइल जशीच्या तशी एन्क्रिप्ट करून वेगळ्या जागी आणि तुलनेसाठी झाकलेली. हा बारीक मुद्दा वाटेल, पण झाकलेली एकच प्रत ठेवली असती तर पुढच्या वेळी पूर्ण लांबीची फाइल हातात असून व्हीपीएनच्या गुप्त 'की' हाताने भराव्या लागल्या असत्या.

दुसरा टप्पा टूल अपग्रेडचा. ३१ जुन्या स्विचपैकी १९ साठी नवीन इमेज (फर्मवेअरची फाइल) मिळत होती जी ग्रुप १४ (२०४८ बिट) बोलते, त्या टप्प्याटप्प्याने चढवल्या. १२ असे उरले की ज्यांना काहीच मिळणार नव्हतं. नवीन टूलमध्ये जुने अल्गोरिदम सगळ्यांसाठी परत चालू करायचं सेटिंग होतं, एका क्लिकचं काम, पण तसं केलं तर त्या १२ मुळे ४०० डिव्हाइसशी कमकुवत एसएसएच बोलायची वाट उघडी राहते. म्हणून जुन्या व्हर्जनचा एक छोटा कलेक्टर (बॅकअप गोळा करणारं टूल) वेगळ्या सर्व्हरवर ठेवला, फक्त त्या १२ साठी. मॅनेजमेंट व्हीलॅनमधून (डिव्हाइस सांभाळायसाठी वेगळं काढलेलं नेटवर्क) तो त्या १२ पत्त्यांशिवाय कुठेच जाऊ शकत नाही असा एसीएल (परवानगीची यादी) लावला आणि त्याचं लॉगिन बाकी कुठल्याही डिव्हाइसवर चालणार नाही असं ठेवलं.

अपग्रेडनंतर ड्रायव्हरची ओळख सगळ्यांसाठी परत चालवली. तिथे अजून एक गोष्ट सापडली जिच्यासाठी आम्ही शोधतच नव्हतो. नऊ डिव्हाइसना चुकीचा ड्रायव्हर चिकटलेला होता. पाच नवीन मॉडेलचे स्विच, त्यांचा आयडी जुन्या यादीत नव्हता म्हणून जेनेरिक ड्रायव्हर. पण चार डेटासेंटर स्विच एनएक्स-ओएसचे (सिस्कोचीच, पण वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम) आणि ड्रायव्हर आयओएसचा. कमांड बऱ्याचशा सारख्या त्यामुळे बॅकअप व्यवस्थित यायचा, कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं. फक्त सेव्ह करायला आयओएसवर 'राइट मेमरी' चालतं आणि एनएक्स-ओएसवर ती कमांड मुळात नाहीच, तिथे 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' लागतं. म्हणजे टूलने बदललेले पासवर्ड चालू कॉन्फिगमध्ये जायचे, सेव्ह व्हायचे नाहीत. मागे एकदा त्यातला एक स्विच वीज गेल्यावर परत आला तेव्हा जुना पासवर्ड घेऊन आला होता आणि आम्ही 'कुणीतरी हाताने बदलला असेल' म्हणून ती नोंद बंद केली होती. बॅकअप येतो म्हणजे ड्रायव्हर जुळला, हे तेव्हापासून मी धरत नाही. ड्रायव्हर तीन गोष्टी करतो, वाचतो, लिहितो, सेव्ह करतो, आणि तिन्ही वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

निकाल

टूल अपग्रेड घटनेनंतर सात आठवड्यांनी पूर्ण झाला. सगळ्या २८ फायरवॉलचे बॅकअप पूर्ण येतात, नवीन ड्रायव्हर प्रॉम्प्ट दिसेपर्यंत वाचतो आणि नाही दिसला तर सरळ फेल दाखवतो. अकाउंटचे अधिकार वाचण्यापुरतेच ठेवले.

तपासणीच्या स्क्रिप्टने पहिल्या तीन महिन्यांत चार खऱ्या अर्ध्या फाइली पकडल्या, चारही स्विचच्या, लाइन स्लो असल्याने मध्येच सेशन तुटलेलं. टूलने त्यातल्या दोनला हिरवी टिक दिली होती. हे बघून मॅनेजरनेच सांगितलं की दर महिन्याला एक फाइल प्रत्यक्ष रिस्टोअर करून बघायची. लॅबमध्ये एक जादा फायरवॉल आणि एक स्विच ठेवलाय, कुठली फाइल घ्यायची ते चिठ्ठी काढून ठरतं. दुसऱ्याच महिन्यात कळलं की एका फायरवॉलच्या फाइलमध्ये बाहेरून आणलेली सर्टिफिकेट येत नाहीत, ती वेगळी काढावी लागतात. फाइल पूर्ण होती, सगळ्या तपासण्या पास, तरी रिस्टोअर अपूर्ण. प्रत्यक्ष करून बघितल्याशिवाय हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

परत करायचं झालं तर

अपग्रेडच्या आधी एकच फायरवॉल घेऊन त्यावर टूलची तिन्ही कामं करून बघितली असती तर हे सगळं पहिल्याच रात्री कळलं असतं. आम्ही पायलट केला होता, पण त्यात ट्रॅफिक, व्हीपीएन, लॉग एवढंच तपासलं, टूलचा विचारच कुणी केला नाही, कारण टूल 'आपलं', फायरवॉल सिक्युरिटी टीमचे. आता चेंजच्या फॉर्मवर एक ओळ आहे: ड्रायव्हर पॅकच्या यादीत हे फर्मवेअर आहे का, आणि अपग्रेडनंतरच्या पहिल्या बॅकअपच्या किती ओळी आल्या, आकडा लिहा. आधीचा आकडाही शेजारीच लिहायचा. यात हो-नाही ठेवलेलं नाही, कारण 'बॅकअप झाला का' ला आम्ही ३६ दिवस 'हो' म्हणत होतो.

अपग्रेडच्या सकाळची अलर्ट उघडली असती तरी चाललं असतं. एक उघडली असती तरी पुरे होतं. फरक दाखवणाऱ्या स्क्रीनवर हजारो ओळी फक्त वजा आणि अधिक काहीच नाही, हे बघायला दहा सेकंद लागले असते.

एका निर्णयाबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे, तो जुना कलेक्टर. तेव्हा बरोबर होता असंच वाटतं, पण ज्या गोष्टीला कायम 'तात्पुरतं' म्हणतात ती कुणी बंद करत नाही. म्हणून त्या १२ स्विचच्या बदलीची तारीख बजेटच्या कागदावर घेतली आणि कलेक्टर बंद करायचं तिकीट त्याच दिवशी उघडून माझ्या नावावर ठेवलं. आजपर्यंत १२ पैकी ७ बदललेत. उरलेले ५ एकाच मजल्यावर आहेत आणि तिथलं केबलिंग नवीन झाल्याशिवाय ते हलणार नाहीत, त्यामुळे तिकीट उघडंच आहे आणि दर सोमवारी मी त्या पाचही फाइली स्वतः उघडून शेवटची ओळ बघतो.